जुलिया सुपर: मोकळ्या रस्त्यावर थंड, गर्दीत गरम, थर्मोस्टॅट बदलण्याविषयी सल्ला हवा आहे

मंदगती (धागालेखक)

माझ्याकडे १९६८ सालची अल्फा रोमिओ जुलिया सुपर आहे. इंजिन मूळचेच आहे: १५७० घनसेंटीमीटर, हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट आणि बाजूला दोन जुळे कार्ब्युरेटर. गेल्या काही महिन्यांपासून ‘अक्वा’ (पाणी) असे लिहिलेल्या, पाण्याचे तापमान दाखवणाऱ्या तबकडीवरचा काटा असा वागतो आहे की त्याचा मेळ मला लावता येत नाही. मोकळ्या रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरच्या वेगाने अर्धा तास गाडी चालवली, तरी काटा ६० ते ६५ अंशांच्या वर चढत नाही आणि हीटरची हवा जेमतेम कोमट येते. तीच गाडी गर्दीत दहा-बारा मिनिटे रांगत चालली, की काटा १०० च्या पुढे सरकू लागतो आणि मला इंजिन बंद करून कडेला थांबावे लागते. इंजिन नेहमी गरम होत असते किंवा नेहमी थंड राहत असते, तर कुठे पाहायचे ते कळले असते. पण दोन्ही तक्रारी एकाच गाडीत, एकाच दिवशी कशा असू शकतात?

रेडिएटर मागच्या वर्षी खोलून साफ करून घेतला आहे, पंख्याच्या पट्ट्याचा ताण योग्य आहे, पाण्याचा पंप गळत नाही आणि इग्निशन टायमिंगही तपासले आहे. थर्मोस्टॅटला (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेला) मात्र मी हात लावलेला नाही, कारण आधीच्या मालकांनी तो ‘नुकताच बदलला आहे’ असे सांगितले होते. तेलाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट, लोण्यासारखा थर दिसतो, त्यामुळे हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग) जाऊन पाणी तेलात मिसळत असल्याचीही धास्ती आहे.

पानापेटी

‘नुकताच बदलला आहे’ हे वाक्य ऐकले, की तपासाला तिथूनच सुरुवात करावी असा माझा अनुभव आहे. बदललेला भाग योग्य होता की नाही, हे त्या वाक्यात कुठेच सांगितलेले नसते.

आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असू शकते, पण त्यासाठी या इंजिनातले पाणी कसे फिरते ते आधी पाहावे लागेल. हेडमधून तापून आलेले पाणी इनटेक मॅनिफोल्डच्या पोटातून पुढे येते आणि मॅनिफोल्डच्या पुढच्या टोकाला असलेल्या थर्मोस्टॅटच्या घरात पोहोचते. तिथून त्याला दोन वाटा असतात. एक वाट वरच्या मोठ्या होजमधून (रबरी नळीतून) रेडिएटरकडे जाते, आणि दुसरी लहान बायपास होजमधून रेडिएटरला वळसा घालून थेट पंपाकडे परत येते. इंजिन थंड असताना पहिली वाट बंद आणि दुसरी उघडी असते, त्यामुळे पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरत राहते आणि सगळीकडे सारखे तापते. इंजिन तापले की पहिली वाट उघडते, आणि पुष्कळांच्या ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे त्याच वेळी दुसरी वाट बंद व्हावी लागते. म्हणूनच अशा थर्मोस्टॅटला वरच्या झडपेखेरीज खालच्या टोकाला आणखी एक लहान चकती असते. वरची झडप जसजशी उघडत जाते, तसतशी ही चकती खाली सरकून बायपासचे तोंड झाकते.

बाजारात सहज मिळणाऱ्या अनेक थर्मोस्टॅटांना ही खालची चकती नसते. व्यास जुळतो, झाकण बसते, पाणी गळत नाही, आणि काम झाले असे वाटते. पण मग बायपास कायमचा उघडा राहतो आणि तापलेल्या पाण्याचा एक हिस्सा प्रत्येक फेरीला रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत जातो. मोकळ्या रस्त्यावर समोरून इतकी हवा येते, की उरलेल्या पाण्यावरही रेडिएटरचे भागते. गर्दीत मात्र पंप आणि पंखा दोन्ही संथ असतात, समोरची हवा जवळजवळ नसते, आणि तेव्हा ही चोरवाट महागात पडते.

आता मोकळ्या रस्त्यावरच्या थंडपणाबद्दल. त्यासाठी वरची झडप पूर्ण मिटत नसली पाहिजे. म्हणजे माझा अंदाज असा, की आपल्या गाडीत चुकीच्या जातीचा थर्मोस्टॅट आहे आणि तोही अर्धवट उघडा अडकलेला आहे. झाकण उघडून पाहिल्याशिवाय कोणताही भाग मागवू नये. काही वर्षांच्या गाड्यांत थर्मोस्टॅट सुटा बसतो, तर नंतरच्या काही गाड्यांत तो झाकणासकट एकच भाग असतो.

वाफ

एवढा खटाटोप कशासाठी? उष्ण हवेत थर्मोस्टॅटची गरजच नसते, तो काढून टाकावा आणि विषय संपवावा. पूर्वीचे कित्येक मेकॅनिक हेच करत आले आहेत आणि गाड्या चालल्या आहेत.

पानापेटी

वाफ, ज्या इंजिनाला बायपासच नाही किंवा अगदी बारीक आहे, तिथे थर्मोस्टॅट काढल्याने गाडी नुसती थंड चालेल. इंजिन लवकर झिजेल, पण त्याच दिवशी काही बिघडणार नाही. या इंजिनात मात्र तो काढला की बायपास झाकायला काहीच उरत नाही, आणि पाणी नेहमीच सोप्या वाटेने जाते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांपेक्षा आखूड बायपास होज केव्हाही सोपी. त्यामुळे ‘गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढला आणि ती आणखीच गरम होऊ लागली’ ही तक्रार दिसते तितकी विचित्र नाही. बायपासमध्ये बूच ठोकून थर्मोस्टॅट काढणारेही असतात, पण मग इंजिन तापायलाच फार वेळ लागतो.

गॅस्केट

थंड चालणाऱ्या इंजिनाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गरम होण्याची भीती सगळ्यांना असते आणि थंड राहण्याचे कोणालाच काही वाटत नाही. ज्वलनात पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा काही अंश पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली तेलात उतरतो. तेल पुरेसे तापले तर ही वाफ निघून जाते. इंजिन ६० अंशांवरच राहिले तर ती तेलातच मुरते आणि वरच्या थंड भागांवर, म्हणजे कॅमच्या झाकणावर आणि तेलाच्या बुचावर, पांढुरका थर धरते. धागालेखकांना दिसलेले लोणी बहुधा हेच असावे. याखेरीज थंड सिलिंडरच्या भिंतीवर न जळलेले पेट्रोल उतरते, ते तेलाचा थर धुऊन काढते आणि तेलही पातळ करते.

हेड गॅस्केट गेले असते तर पाण्याची पातळी कारणाविना घटली असती, किंवा सुरू केल्यावर लगेच, इंजिन थंड असतानाच रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे दिसले असते. हे दोन्ही पाहून घ्यावे, पण केवळ बुचावरच्या थरावरून हेड उतरवू नये.

तरीही गर्दीतले ते १०० अंश मी हलक्यात घेणार नाही. या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत आणि ब्लॉकमध्ये बिडाचे सुटे लायनर (सिलिंडरच्या नळ्या) थेट पाण्यात उभे असतात. हे दोन धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत. शिवाय हेड गॅस्केटपाशी तेलाच्या वाटांभोवती सहा लहान रबरी रिंगा असतात. एकदा त्या उष्णतेने कडक झाल्या, की तेल बाहेर झिरपू लागते किंवा पाण्यात मिसळते. म्हणून थर्मोस्टॅटचा निकाल लागेपर्यंत गाडी गर्दीत नेऊ नये.

आटेदार

उघडण्याआधी एक सोपी चाचणी करून पाहता येईल. गाडी पूर्ण थंड असताना सुरू करावी आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजवर हात ठेवावा. पंख्याच्या पात्यांपासून हात आणि बाह्या दूर असाव्यात. थर्मोस्टॅट नीट असेल तर काटा ७५ च्या आसपास येईपर्यंत होज जवळपास थंडच राहते आणि मग अल्पावधीत हात ठेवता येणार नाही इतकी तापते. होज पहिल्या मिनिटापासून काट्याच्या बरोबरीने हळूहळू तापत गेली, तर झडप मिटत नाही असे समजावे. काटा चढत गेला आणि होज थंडच राहिली, तर झडप उघडत नाही. अशा वेळी चाचणी तिथेच थांबवून इंजिन बंद करावे.

इन्फ्रारेड तापमापक असेल तर एक सावधगिरी बाळगावी. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतो, कारण असा पृष्ठभाग स्वतः उष्णता कमी उत्सर्जित करतो आणि आजूबाजूची अधिक परावर्तित करतो. झाकणावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरला तर आकडा विश्वासार्ह मिळतो. मी एकदा हे न करता गाडीचा काटाच खोटा ठरवला होता आणि नवा सेन्सर उगीच बसवला होता.

मंदगती

होजची चाचणी केली. ती पहिल्या दोन मिनिटांतच कोमट झाली आणि काट्याबरोबर तापत गेली. पाण्यात बुडबुडे नाहीत आणि पातळीही घटलेली नाही. या शनिवारी झाकण उघडतो. बोल्टांच्या डोक्यांभोवती पांढरी भुकटी साचलेली दिसते. ते सरळ निघतील असे वाटत नाही.

आटेदार

ती पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमचे आटे आणि आत झिरपलेले पाणी असे तिन्ही जमले की हे होतेच. आदल्या दिवशी आणि पुन्हा सकाळी गंज सोडवणारे तेल सोडावे. पाना लावल्यावर आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने जोर द्यावा, मग सैल करावे, पुन्हा थोडे आत घ्यावे. बोल्ट ‘रबरासारखा’ वळतो आहे असे हाताला जाणवले तर लगेच थांबावे. त्याचे आटे सुटलेले नसतात, तो पिळला जात असतो. उष्णता द्यायची असेल तर हॉट एअर गन वापरावी. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुपटीने फुगते, त्यामुळे भोक बोल्टापेक्षा अधिक मोठे होते. शेजारी पेट्रोलने भरलेले कार्ब्युरेटर आहेत, तेव्हा ज्योत कोणत्याही परिस्थितीत नको.

पाणी इंजिन थंड झाल्यावरच काढावे आणि काढलेले द्रव मोजून ठेवावे. हा आकडा भरताना उपयोगी पडेल. कूलंट, म्हणजे काढलेले हे द्रव, उघड्या भांड्यात ठेवू नये. एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, आणि कुत्री-मांजरे ते चाटतात.

मंदगती

काम अर्धे झाले आहे आणि पानापेटी यांचा अंदाज बराचसा खरा ठरला आहे.

एका बोल्टाचे डोके शेवटी तुटलेच. उरलेला भाग सुमारे ४ मिलिमीटर बाहेर होता, त्यामुळे गरम करून पकडीने हळूहळू फिरवत तो काढता आला. आटे शाबूत आहेत.

आतला थर्मोस्टॅट साधा, एकाच झडपेचा निघाला. खालची चकती नाहीच. बायपासचे तोंड त्याच्या खाली उघडेच होते. त्यावर ७१ अंशांचा आकडा कोरलेला आहे. खरी गंमत पुढे आहे. झडप आणि तिची बैठक यांच्यामध्ये लाल सिलिकॉनचा वाटाण्याएवढा गोळा अडकलेला होता आणि त्यामुळे खोलीच्या तापमानालाही झडप जवळपास २ मिलिमीटर उघडी होती. झाकण बसवताना ज्यांनी कोणी पॅकिंगऐवजी सढळ हाताने सिलिकॉन लावले, त्यांचाच तो प्रसाद. बाहेर दिसणारी कड त्यांनी पुसून घेतली होती. आत ढकलली गेलेली तशीच राहिली.

आता नवा भाग मागवतो. आकडा किती अंशांचा असावा? काही जण ७१ च घ्या म्हणतात, म्हणजे गाडी गर्दीत थंड राहील.

पानापेटी

थर्मोस्टॅट फक्त किमान तापमान ठरवतो. कमाल तापमान रेडिएटर, पंप, पंखा आणि हवा ठरवतात. गर्दीत काटा १०० ला पोहोचतो तेव्हा ७१ चा असो वा ८३ चा, दोन्ही थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेले असतात आणि त्यांच्यात काही फरक उरत नाही. ७१ च्या थर्मोस्टॅटने फार तर काटा चढायला दोन-तीन मिनिटे अधिक लागतील. पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेतला, ८२-८३ च्या आसपासचा, खालच्या चकतीसह असलेला घ्यावा. मागवण्याआधी चौकटीची जाडी आणि चकतीपर्यंतची एकूण लांबी मोजावी. चकती आखूड पडली तर बायपास झाकणार नाही, आणि लांब पडली तर ती आधीच टेकेल आणि वरची झडप पूर्ण उघडू देणार नाही.

हवाबंद

थोडे विषयांतर करतो. माझ्याकडे १९६५ ची फियाट ५०० आहे. हे इंजिन हवेने थंड होणारे असल्यामुळे त्यात थर्मोस्टॅट नसणारच, असे मी बरीच वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणात एक झडप असते आणि ती उघडणारी, उष्णतेने फुगणारी डबी म्हणजे थर्मोस्टॅटच. इंजिन थंड असताना ती झडप मिटलेली असते आणि गरम हवा बाहेर जाऊ देत नाही. डबी निकामी होऊन झडप मिटलेलीच राहिली, तर बिचारे दोन सिलिंडर भाजून निघतात. तेव्हा ‘उष्ण हवेत थर्मोस्टॅट लागत नाही’ असे म्हणताना इतके साधे इंजिन आखणाऱ्या दान्ते जाकोसा यांनाही तो भाग गाळावासा वाटला नाही, हे ध्यानात घ्यावे.

एक शंका आहे: थर्मोस्टॅट बिघडला तर तो उघडा अडकतो की बंद?

गॅस्केट

ते जातीवर अवलंबून आहे. पूर्वीच्या थर्मोस्टॅटांत पातळ पत्र्याचा भाता असे आणि त्यात लवकर उकळणारे द्रव भरलेले असे. भाता फुटला की तो स्वतःच्या लवचिकपणाने लांब होई आणि झडप उघडी राही, म्हणजे बिघाड निरुपद्रवी बाजूला होत असे. नंतर आलेल्या प्रकारात धातूच्या डबीत मेण असते. ते वितळताना फुगते आणि मधल्या दांड्याला ढकलते, तर स्प्रिंग झडप मिटवण्याचे काम करते. मेण गळून गेले की ढकलणारे कोणी उरत नाही आणि स्प्रिंग झडप मिटवून ठेवते. मेणाचा प्रकार पाण्याच्या दाबाला जुमानत नाही, म्हणून दाबाखाली चालणाऱ्या रेडिएटरांबरोबर तोच रुळला. बंद पडण्याची ही चुकीची बाजू त्याच्याबरोबर आली. म्हणून माझ्या मते थर्मोस्टॅट नियमाने बदलण्याची वस्तू आहे, बिघडण्याची वाट पाहण्याची नव्हे.

नवा आला तरी तो बसवण्याआधी पातेल्यात तपासावा. झडपेच्या फटीत जाड दोरा अडकवून थर्मोस्टॅट पाण्यात लोंबकळत ठेवावा, तळाला टेकू देऊ नये, आणि शेजारी तापमापक धरून पाणी हळूहळू तापवावे. झडप उघडताच थर्मोस्टॅट दोऱ्यातून निसटून पडतो. तेच उघडण्याचे तापमान.

मंदगती

नवा थर्मोस्टॅट आला. पहिल्या खेपेला तो ८२ अंशांना दोऱ्यातून सुटला, दुसऱ्या खेपेला ८३ ला. ९४ अंशांपर्यंत झडप पूर्ण, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर, उघडली. जुन्यातला गोळा काढून त्याचीही चाचणी घेतली. तो ७२ ला उघडला आणि थंड झाल्यावर नीट मिटला. म्हणजे तो बिचारा निर्दोष होता, फक्त चुकीच्या घरात राहत होता.

झाकणाचा पृष्ठभाग गंजाने खड्डे पडून खडबडीत झाला होता. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून, पाणी शिंपडत, आठच्या आकड्यासारखा फिरवत तो सपाट केला. बसवताना काय जपावे?

आटेदार

मेणाची डबी आणि स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला, कारण तापलेल्या पाण्याची जाणीव डबीलाच व्हायला हवी. चौकटीवर हवा जाण्यासाठी बारीक भोक किंवा हलती पिन असेल तर ती सर्वांत वरच्या बाजूला यावी. थर्मोस्टॅट त्याच्या खाचेत पूर्ण बसला आहे, हे बोटाने फिरवून पाहावे. तो तिरपा असताना बोल्ट आवळले तर झाकणाचा कान तुटतो, आणि हे फार जणांच्या बाबतीत घडते. कागदी पॅकिंग दोन्ही बाजूंनी अगदी पुसटसे माखावे. सिलिकॉनविषयी आता वेगळे सांगायला नको. ६ मिलिमीटरच्या बोल्टांना ॲल्युमिनियममध्ये ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात आणि ते आलटून-पालटून आवळावेत.

कूलंट निम्मे आणि ऊर्ध्वपातित पाणी निम्मे घ्यावे. जुन्या पितळी रेडिएटरचे सांधे शिशाच्या डागाने जोडलेले (झाळलेले) असतात, म्हणून सिलिकेट असलेले जुन्या पद्धतीचे कूलंट घेणे श्रेयस्कर. दीर्घायुषी म्हणून मिळणारी सेंद्रिय आम्लांवर आधारलेली कूलंटे अशा सांध्यांना आणि जुन्या पॅकिंगांना मानवतीलच असे नाही. हीटरचा नळ पूर्ण उघडा ठेवून, गाडीचे तोंड किंचित उंच करून, हळूहळू भरावे.

मंदगती

शेवटचा वृत्तान्त लिहितो. काढलेले द्रव ७ लिटर होते. भरताना साडेपाच लिटरांतच रेडिएटर तोंडापर्यंत आला. आकडा लिहून ठेवला नसता तर मी झाकण लावून निघालो असतो. होज दाबत, थांबत, इंजिन दोनदा तापवून आणि पूर्ण थंड होऊ देऊन उरलेले दीड लिटर आत गेले. दुसऱ्या वेळी तर वरच्या होजमधून हवेचा असा मोठा ढेकर आला, की मी दोन पावले मागे सरलो.

आता वरची होज सात मिनिटे थंड राहते आणि मग झपाट्याने तापते. मोकळ्या रस्त्यावर काटा ८३ ते ८५ वर स्थिर असतो. काल मुद्दाम गर्दीत वीस मिनिटे काढली. काटा ९२ पर्यंत गेला आणि गाडी हलू लागताच खाली आला. कार्ब्युरेटर पूर्वीच्या थंड इंजिनाला जुळवलेले असावेत, कारण मिश्रण आता किंचित दाट वाटते आहे. ते पुढच्या आठवड्यात पाहतो.

गॅस्केट, दोन लांबच्या फेऱ्यांनंतर बुचावरचा लोण्यासारखा थर जवळजवळ गेला आहे. कॅमच्या झाकणाखाली कोपऱ्यात थोडा उरला आहे. तेल लगेच बदलावे, की आणखी काही फेऱ्या होऊ द्याव्यात?

गॅस्केट

लगेच बदलावे. पाण्याची वाफ निघून गेली असली तरी थंड चालताना उतरलेल्या पेट्रोलचा जड अंश आणि गाळ तेलातच आहे. गाडी तापलेली असताना तेल काढावे, फिल्टरही नवा घालावा, आणि पाचशे किलोमीटरनंतर बूच पुन्हा उघडून पाहावे.